आळंदीत वारकरी शिक्षण आणि त्याचा खर्च : आईवडिलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या वार्षिक परीक्षा आटोपल्या की मराठवाडा, विदर्भ, नगर-नाशिक अशा सगळ्या भागांतून फोन यायला लागतात. लेकराला आळंदीला ठेवायचंय, चांगली संस्था सांगा. दोन-चार वाक्यांनंतर आवाज थोडा खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो : महाराज, पैसे किती लागतील? देवाच्या दारी पैशाचं विचारणं बरं दिसत नाही असं आपल्याकडे उगाच मानलं जातं. मी आळंदीत शिकलो, कीर्तन करतो आणि पोटासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे दोन्हीकडचे हिशेब मला ठाऊक आहेत. ज्यांना फोनवर सगळं सांगणं जमत नाही त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

आळंदीत वारकरी शिक्षणाला फी असते का?

मूळ संस्थेत नाही. विष्णुबुवा जोग, म्हणजे आपले जोग महाराज, यांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती गरीब शेतकऱ्याच्या पोरालाही ज्ञानेश्वरी शिकता यावी म्हणून. जात विचारायची नाही, पैसे मागायचे नाहीत, असा तिचा पाया. अभ्यासक्रम चार वर्षांचा. ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ, गीता, पुढे विचारसागरासारखे वेदान्ताचे ग्रंथ, जोडीला गायन आणि मृदंग. शिकवण्याचं मोल घेत नाहीत.

पण आज "आळंदीला ठेवलं" असं लोक म्हणतात तेव्हा मूल याच संस्थेत असेल असं नाही. गावात आता गल्लोगल्ली खासगी संस्था आहेत. नावात "वारकरी शिक्षण संस्था" हे शब्द जवळजवळ सगळ्यांच्याच असतात, त्यामुळे गल्लत होते. काही संस्था खरोखर विनामूल्य चालतात, काही फक्त जेवणाचा खर्च घेतात, काही महिन्याचे पैसे ठरवतात तर काही वर्षाचे एकदम मागतात. तेव्हा पहिला प्रश्न "फी किती" हा विचारू नका. आधी विचारा, संस्था कुणाची, कधीपासूनची, आणि पूर्ण नाव काय.

पैसे घेणारी संस्था वाईटच समजायची का?

नाही. शिकवणाऱ्याने ज्ञानाचे पैसे घेऊ नयेत हे परंपरेला धरून आहे आणि मीही त्याच मताचा आहे. पण तीस-चाळीस मुलांचं दोन वेळचं जेवण, गॅस, वीज, पाणी, जागेचं भाडं हे कुणीतरी भरतंच. जुन्या संस्थेला शंभर वर्षांचे दाते आहेत, स्वतःची जागा आहे. नुकताच शिकून बाहेर पडलेला एखादा महाराज चार खोल्या भाड्याने घेऊन मुलं सांभाळत असेल, तर आईवडिलांकडून धान्य आणि थोडे पैसे घेण्यात गैर काही नाही. कितीतरी ठिकाणी आजही पैशाऐवजी ज्वारीचं पोतं, गहू, तूरडाळ चालते. शेतकऱ्याला तेच परवडतं.

हिशेब लपवला जातो तिथे मात्र मला वाईट दिसतं. कशाचे पैसे, हे विचारल्यावर "माउलींवर विश्वास नाही का?" असं उत्तर आलं तर तिथून उठा. माउलींवर विश्वास ठेवणं आणि संस्थाचालकाच्या वहीवर विश्वास ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फी सोडून वर्षाला काय काय लागतं?

सुरुवातीला एकदाच लागतं ते असं : कुलूप लागणारी पत्र्याची पेटी, अंथरूण-पांघरूण, ताट-वाटी-तांब्या, दोन-तीन पांढरे नेहरू शर्ट, धोतर किंवा पायजमे, टोपी, उपरणं. तुळशीची माळ घरूनच घातलेली असते. ग्रंथांत ज्ञानेश्वरी आणि गाथा दोन्ही लागतात. घरी आजोबांची जुनी पोथी असेल तर ती द्या, नवी घ्यायची घाई नको. फक्त पाठांतराला वर्गात सगळ्यांकडे एकाच प्रतीचा पाठ असलेला बरा, म्हणून कोणती प्रत चालते ते आधी विचारून घ्या. हरिपाठाची छोटी पुस्तिका मूल महिन्या-दोन महिन्यांत फाडतं, तिच्या दोन प्रती ठेवा.

पांढरे कपडे हा लोकांच्या लक्षात न येणारा खर्च आहे. मुलं स्वतः धुतात, इंद्रायणीच्या कडेच्या गावातली धूळ आणि पावसाळ्यातला चिखल, त्यात निळीचं पाणी जास्त झालेलं. सहा महिन्यांत शर्ट अंगावरून उतरवावा लागतो. दरवर्षी दोन जोड धरूनच चला.

मग दर महिन्याचं : साबण, तेल, दंतमंजन, केस कापणं, वही-पेन, औषधपाणी. घरी येण्याजाण्याचं भाडं वेगळं. आळंदी पुण्यापासून पंचवीसेक किलोमीटर, पुण्यातून शहरबस मिळते. पण लातूर, परभणी किंवा बुलढाण्याहून पुण्यापर्यंत येणं आणि परत जाणं, तेही मूल लहान असेल तर सोबत एक मोठं माणूस, हा वर्षातला सगळ्यात मोठा खर्च ठरू शकतो. फी नसलेल्या संस्थेतसुद्धा हा चुकत नाही. मूल दिवाळीला येणार, तुम्ही कार्तिकीला जाणार, मध्ये एकदा आजारी पडलं म्हणून धावणार, असे निदान तीन-चार फेरे गृहीत धरा.

मृदंग विकत घ्यावा लागतो का?

पहिल्या वर्षी अजिबात घेऊ नका. मुलाचा हात कशावर बसतो ते अजून कळलेलं नसतं. काहींचा गळा चांगला निघतो, काही टाळावर रमतात. संस्थेत शिकायचे मृदंग असतात, त्यांवर बोल बसू द्या. वर्ष-दीड वर्षाने गुरुजी स्वतःच सांगतात की याला आता स्वतःचा हवा.

घ्याल तेव्हा वादन जाणणाऱ्या माणसाला सोबत न्या. दुकानात चकाकणारं खोड बघून भुलू नका. शाईच्या पुडीवर, म्हणजे काळा लेप असलेल्या चामड्याच्या तोंडावर, बोटाने हलकेच टिचकी मारून नाद किती वेळ टिकतो ते ऐकायचं, खोडाला आतून चीर आहे का ते बॅटरी लावून बघायचं. आणि मृदंग एकदा घेतला म्हणजे खर्च संपत नाही. पुडी फाटते, ती ताणून धरणारी चामड्याची वादी सैल पडते, शाई उखडते. हरिनाम सप्ताहात वाजवणाऱ्याला हे वारंवार करावं लागतं. धुमावर, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडावर, लावायची कणीक तेवढी घरची असते.

माधुकरी मागायला लागेल का? आमच्या पोराने दारोदार फिरायचं?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आणि त्यांच्या आवाजातला अपमान मला ऐकू येतो. म्हणून नीट सांगतो.

माधुकरीवर शिकणं ही या शिक्षणाची जुनी रीत आहे. विद्यार्थी झोळी-डबा घेऊन ठरलेल्या घरी जातो, दाराशी उभा राहतो, घरची माउली जे शिजलं असेल त्यातलं वाढते. एकीची भाकरी, दुसरीची पोळी, तिसरीची वांग्याची भाजी, चौथीचं वरण, सगळं एका डब्यात एकत्र होतं. संस्थेत येऊन देवाला दाखवतात आणि पंगतीला बसून खातात. कुणाच्या घरचं काय, हे कळत नाही आणि विचारायचंही नसतं. पोराचा अहंकार आणि जिभेचे चोचले यांवर यापेक्षा चांगला उपाय मी पाहिलेला नाही. आळंदीतल्या कितीतरी घरांनी पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांना जेवू घातलंय. आज मोठ्या झालेल्या अनेक कीर्तनकारांचं अंग त्या अन्नावर वाढलंय आणि ते हे अभिमानाने सांगतात.

तरीही सगळ्या संस्थांत माधुकरी नसते. बऱ्याच खासगी संस्थांत स्वयंपाक तिथेच होतो आणि दाते एकेका दिवसाच्या अन्नदानाची तिथी घेतात. तुम्हाला काय मानवतं ते ठरवून संस्था निवडा. मात्र एक सीमा आहे. ठरलेल्या घरून शिजलेलं अन्न आणणं ही माधुकरी. लहान मुलांच्या हातात पावतीपुस्तक देऊन बाजारात पैसे गोळा करायला पाठवणं ही माधुकरी नव्हे, आणि कुठे असं दिसलं तर मूल घरी आणा.

शाळेचं काय? शाळा सोडून नुसतं अध्यात्म शिकवलं तर खर्च वाचेल ना?

वाचणार नाही, उलट पुढे फार महाग पडेल. या प्रश्नावर मी कुणाचं ऐकत नाही, माझ्या नातेवाइकांचंही नाही.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शाळेचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय. पण त्याच कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि मदरसे, वेदपाठशाळा, प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळल्या गेल्या. याचा साधा अर्थ असा की मुलाचं नाव शाळेत आहे की नाही याची काळजी संस्थेवर सोडता येत नाही. ती तुम्हालाच घ्यावी लागेल. गावच्या शाळेतून दाखला काढला आणि आळंदीच्या शाळेत घातलाच नाही, अशी मुलं मला भेटलीत. तीन वर्षांनी ती गावी परत येतात तेव्हा पाठ अभंग शेकड्याने असतात आणि वजाबाकी येत नसते.

चांगल्या संस्थांचा दिवस असा असतो : पहाटे काकडा आणि पाठांतर, मग शाळा, संध्याकाळी हरिपाठ, गायन-वादन. आळंदीत अनुदानित शाळा आहेत. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दुपारचा पोषण आहार मिळतो. म्हणजे शाळेत घातल्याने खर्च वाढत नाही, एक वेळच्या जेवणाची सोयही होते. दाखला काढताना नव्या शाळेत प्रवेश झाल्याचं लेखी हातात घ्या, आणि मुलाचा आधार क्रमांक, जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग जुन्या कागदांशी जुळवून बघा. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज याच चुकांवर अडकतो.

मूल मोठं असेल, शाळा आधीच सुटली असेल, तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करत आळंदीत शिकणारे आहेत. सोनोपंत दांडेकर जोग महाराजांचे शिष्य, थोर कीर्तनकार, आणि तेच पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य. ज्यांच्या नावाने आपण कान पकडतो त्यांनी कॉलेज सोडलं नाही.

बँकेचं शैक्षणिक कर्ज मिळेल का?

कीर्तन-प्रवचनाच्या शिक्षणाला नाही. बँका मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या अभ्यासक्रमालाच असं कर्ज देतात. यासाठी सावकाराकडून किंवा दागिना गहाण ठेवून पैसे उचलू नका. कर्ज काढून शिकलेला मुलगा पहिल्या दिवसापासून बिदागीचा विचार करायला लागतो, आणि तिथून कीर्तन बिघडतं. विनामूल्य संस्था आहेत, तिथे रांगेत थांबा. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.

मग शिष्यवृत्ती?

वारकरी शिक्षणाला नाही, पण सोबत चालणाऱ्या शाळा-कॉलेजला आहे, आणि तिथेच लोक चुकतात. मूल अनुदानित किंवा सरकारी शाळेत आठवीला असेल तर आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय परीक्षा द्यायला लावा, जिला शिक्षक एनएमएमएस म्हणतात. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. आळंदीत राहणाऱ्या मुलाचा महिन्याचा वरखर्च त्यात भागून जाईल. शाळेने अर्ज भरायचा असतो, म्हणून जून-जुलैतच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

दहावीनंतर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, जातप्रवर्गानुसार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पदवीला गेल्यावर खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्काची योजना आहे, तिला उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. नियमित कॉलेजात हजेरी लागते. नाव कॉलेजात आणि मुलगा वर्षभर सप्ताहात, असं केलं तर शिष्यवृत्ती जाते आणि ते योग्यच आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, ही तयारी गावाकडे असतानाच करून ठेवा. आळंदीत बसून तहसीलचे कागद मिळत नाहीत.

मुलाचे वडील गेलेत, घरात खायची पंचाईत आहे, म्हणून आळंदीला ठेवायचंय. चालेल का?

ताई, आधी एक विचारतो. लेकराला अभंगाची ओढ आहे, की दोन घास मिळतील म्हणून पाठवताय? ओढ असेल तर अवश्य पाठवा, विनामूल्य संस्था पोरक्या मुलांना आधी घेतात. पण केवळ भुकेपोटी पाठवत असाल तर दुसरे मार्गही बघा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. ही योजना घरी किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठी आहे, संस्थेत ठेवलेल्यांसाठी नाही, म्हणून पाठवण्याआधीच हिचा विचार करायचा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा, अंगणवाडीताई किंवा ग्रामसेवक वाट दाखवतील. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहंही आहेत, तिथे राहणं-जेवण फुकट आहे.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आईपासून दूर ठेवणं ही मोठी गोष्ट आहे. पैशाची अडचण महिन्याच्या दोन हजारांनी सुटत असेल तर मूल तुमच्या कुशीतच राहू द्या, हरिपाठ गावच्या देवळातही शिकता येतो. ओढ टिकली तर तीन-चार वर्षांनी पाठवा.

संस्था म्हणते "फी नाही, देणगी द्या." मग पावती कशाची?

मागितलेली रक्कम ठरलेली असेल आणि ती दिल्याशिवाय प्रवेश नसेल तर ती फीच, नाव काहीही असो. तरी पावती घ्या. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, रक्कम आणि "भोजन व निवास" असं कारण लिहून घ्या. नोंदणी आहे का हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर नाव घालून पाहता येतं, नाहीतर पुण्यातल्या त्यांच्या कार्यालयात चौकशी होते. पैसे संस्थेच्या खात्यात भरा. महाराजांच्या किंवा त्यांच्या भावाच्या मोबाईलवर पाठवू नका.

आयकरात ८०-जीची सवलत मिळेल का, असं नोकरदार पालक विचारतात. मुलाच्या राहण्या-जेवणाच्या बदल्यात दिलेले पैसे दान ठरत नाहीत, त्यावर सवलत मागू नये. त्याव्यतिरिक्त स्वेच्छेने दिलेल्या देणगीवर मिळू शकते, पण संस्थेला तशी मान्यता हवी, तुम्ही जुन्या करपद्धतीत असायला हवं आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी धरली जात नाही.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत देतो म्हणतात. भरू का?

पहिल्या वर्षी नको. पहिले दोन-तीन महिने कठीण असतात. पहाटेचं उठणं, थंड पाणी, आईची आठवण. बरीच मुलं दिवाळीला घरी येतात आणि परत जायचं नाही म्हणून रडतात. त्या वेळी बापाच्या डोक्यात "वर्षाचे पैसे भरलेत" हा विचार असला की तो पोराला ओढत परत नेतो. महिन्याचे महिन्याला भरले तर निर्णय मुलाकडे बघून घेता येतो. समजा महिन्याला २,००० ठरले आणि एकदम भरलं तर २०,००० सांगितले, तर ४,००० वाचतात हे खरं. पण मूल तिसऱ्या महिन्यात परतलं तर १४,००० बुडतात. मध्येच काढलं तर किती परत, हे त्याच दिवशी कागदावर लिहून घेता येत असेल तरच पुढचा विचार करा.

मुलगा सप्ताहात टाळकरी म्हणून जातो. ते पैसे कुणाचे?

गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह असतात आणि आळंदीहून टाळकरी, गायक, मृदंगवादक बोलावतात. गावकरी प्रवासखर्च आणि काही बिदागी देतात. शिकणाऱ्यासाठी सप्ताह ही खरी शाळा आहे. सात दिवस रोज वेगळ्या कीर्तनकारामागे उभं राहिलं की चाल कळते, लय अंगात येते.

पैशाचं मात्र आधी बोलून घ्या. काही संस्था ते सगळे मुलांच्या जेवणखर्चात घालतात आणि तसं उघड सांगतात, ते मला मान्य आहे. काही ठिकाणी निम्मे मुलाच्या नावाने जमा ठेवतात. चौथ्या वर्षी त्याच पैशांतून मृदंग घेतलेली मुलं मी पाहिलीत, आणि त्या मृदंगाला ती जसं जपतात ते बघण्यासारखं असतं. पण लहान मुलांना शाळा बुडवून महिनेन् महिने सप्ताहांना पाठवायचं आणि बिदागी कुणाच्या तरी खिशात, हे चालू देऊ नका. महिन्यातून एकदा शाळेत फोन करून हजेरी विचारा.

शिकल्यावर पोट भरतं का?

हा प्रश्न विचारताना लोक लाजतात. लाजू नका, प्रपंच सगळ्यांना आहे.

तुकोबांनी याबाबतीत काही शिल्लक ठेवलेलं नाही : "तुका म्हणे द्रव्य घेती । देती ते ही नरका जाती ॥" घेणारा तर जातोच, देणाराही. जिथे कीर्तन करायचं तिथलं अन्नसुद्धा खाऊ नये असं त्याच अभंगात आहे. आज हे अक्षरशः पाळणारे थोडे आहेत, पण आहेत, आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. बाकीच्यांसाठी मी एवढंच म्हणेन की आकडा ठरवून कीर्तन घेऊ नये. गावाने प्रेमाने दिलं ते घ्यावं, आणि पोटासाठी दुसरा उद्योग ठेवावा. शेती, शिक्षकी, दुकान, काहीही. माझ्या बरोबरीने शिकलेल्यांत समाधानी दिसतात ते असेच दोन पायांवर उभे असलेले. सुपाऱ्या मोठ्या आणि यूट्यूबवर नाव, असे फार मोजके असतात. त्यांच्याकडे बघून मुलाला आळंदीला पाठवू नका. मृदंगवादकाला मात्र काम कायम मिळतं, चांगला मृदंगाचार्य सप्ताहाच्या हंगामात मोकळा सापडत नाही.

मुलीला पाठवायचं असेल तर?

जोग महाराजांच्या संस्थेत परंपरेने मुलगेच शिकत आले. मुलींसाठी स्वतंत्र संस्था आता निघाल्यात, पण कमी आहेत आणि विनामूल्य त्याहून कमी. तिथे वसतिगृहात बाई अधीक्षक आहेत का, रात्री कोण थांबतं, हे फीच्या आधी विचारा. मुक्ताबाई-जनाबाईंच्या परंपरेत मुलींना शिकायला पैसे जास्त मोजावे लागतात, याचं मला फार वाईट वाटतं. दात्यांनी इकडे लक्ष द्यावं.

स्वस्त संस्था सुरक्षित असेल ना?

फीवरून सुरक्षितता कळत नाही, कमी असो वा जास्त. गेल्या काही वर्षांत आळंदीतल्या काही खासगी संस्थांमधून मुलांच्या छळाच्या, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आणि प्रशासनाला तपासणी करावी लागली. संप्रदायाची बदनामी होते म्हणून हे झाकायचं, असं काहींना वाटतं. मला वाटतं, एका लेकराच्या अंगावर हात पडला त्या दिवशीच ती बदनामी झालेली असते.

जाऊन स्वतः बघा. न सांगता जा. मुलं कुठे झोपतात, मोठी आणि लहान एकत्र झोपतात का, संडास-न्हाणीघर कुठे आहे, दाराला आतून कडी आहे का. मुलाला आठवड्यातून एकदा तुमच्याशी एकट्याने फोनवर बोलता यायला हवं. समोर कुणी बसून ऐकत असेल तर तसं चालणार नाही असं स्पष्ट सांगा. मूल अचानक गप्प झालं, घरी आल्यावर परत जायला घाबरलं, तर भरलेले पैसे विसरा आणि मुलाचं ऐका. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाला पाठ करायला लावा, हरिपाठाआधी.

सरकारच्या वारकरी महामंडळाकडून फी मिळते का?

राज्य सरकारने २०२४ साली वारकऱ्यांसाठी महामंडळाचा निर्णय घेतला. पण "तुम्ही आत्ता भरा, महामंडळाकडून परत मिळवून देतो" असं कुणी म्हणालं तर शासन निर्णयाची प्रत मागा. प्रत हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आधी महिनाभर शिबिरात ठेवून बघितलं तर?

उत्तम. मे महिन्यात गावोगावी आणि आळंदीतही बालसंस्कार शिबिरं होतात. खर्च थोडा, आणि मूल घराबाहेर राहू शकतं का ते कळतं. हरिपाठ, पावल्या (टाळाच्या तालावर पावलं टाकणं), थोडा मृदंग एवढं होतं. वर्षाचा निर्णय त्यानंतर घ्या.

आम्ही परदेशात असतो. एखाद्या विद्यार्थ्याचा खर्च उचलता येईल का?

येईल, आणि हे पुण्य मोठं आहे. भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या कमाईतून देणगी देता येते. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्याने ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी असल्याशिवाय ती घेता येत नाही. लहान संस्थांकडे ही नोंदणी सहसा नसते, आणि न कळत घेतली तर अडचणीत तेच येतात. आधी विचारा, मग पाठवा.

एका मुलाचं नाव धरून पैसे देण्यापेक्षा अन्नदानाची तिथी किंवा वर्षाची पुस्तकं-वह्या द्या, असं मी सुचवतो. एकाला दाता मिळाला आणि शेजारच्याला नाही, हे पंगतीत लगेच जाणवतं. ज्यांच्याकडे रक्कम मोठी आहे त्यांनी आजारपणाचा निधी लावून द्यावा. मुलाला डेंगी झाला की संस्थाचालक आणि बाप दोघांचेही हात थरथरतात, तेव्हा दवाखान्याचे पैसे तयार असावेत.

मी चाळिशीतला, नोकरी करतो. मला शिकायचं तर किती खर्च येईल?

चार वर्षं मुक्कामी राहणं जमणार नाही, पण शिकणं अडत नाही. तुमच्या तालुक्यात आळंदीत शिकून आलेला एखादा महाराज असेलच. त्याला गाठा, आठवड्यातून दोन संध्याकाळी बसा. ज्ञानेश्वरीचा पाठ कसा करायचा, ओवी कुठे तोडायची, हे तो पैसे न घेता शिकवेल. गुरुपौर्णिमेला धोतरजोडी आणि नारळ घेऊन जा. रोज दहा ओव्या धरल्या तर नऊ हजार ओव्यांना अडीच वर्षं लागतात. सुरुवात बाराव्या अध्यायापासून करा, लहान आहे आणि गोड आहे.